बेचाळीस वर्षे एकच ध्यास : अनागारिक धम्मपाल



बुद्धगया-सारनाथची यात्रा करून आलेली माणसे आता आपल्या वस्तीत गल्लोगल्ली आहेत. सारनाथला मूलगंधकुटी विहारात बसून वंदना घ्यायची, भिंतीवरची तथागतांच्या जीवनाची चित्रे डोळे भरून बघायची आणि घरी येऊन शेजाऱ्यांना सांगायचे. पण हा विहार कोणी बांधला म्हणून विचारले, तर बरेच जण सम्राट अशोकाचे नाव सांगतात. नाही हो, अशोकाचा स्तंभ तिथे आहे, विहार मात्र १९३१ सालचा आहे. तो बांधून घेणारा माणूस सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा. त्याने १८९१ मध्ये एक संस्था काढली आणि १९३३ मध्ये डोळे मिटेपर्यंत ती चालवली. बेचाळीस वर्षे! ज्या कामासाठी संस्था काढली ते काम त्याच्या हयातीत झालेच नाही. संस्था मात्र त्याने मोडू दिली नाही.

आम्ही गिरणीत साच्यावर काम केलेली माणसे. इंग्रजी ग्रंथ आम्ही अडखळत, दुसऱ्याला विचारत वाचतो. पण विहार कमिटीत पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडलो असल्यामुळे या माणसाचे चरित्र आम्हाला जवळचे वाटते. मोर्चाला हजार माणसे जमतात, तिसऱ्या महिन्याच्या मीटिंगला सात येतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. सात येतात तेव्हा काय करायचे, हे अनागारिक धम्मपालांच्या आयुष्यात बघायला मिळते. म्हणून या स्मरणिकेत त्यांच्याविषयी चार पाने लिहावीत असे आम्ही ठरवले.

धम्मपालांचा जन्म १७ सप्टेंबर १८६४ रोजी कोलंबो शहरात झाला. घर श्रीमंत. वडिलांचा फर्निचर बनवण्याचा मोठा धंदा होता. घरात पिढीजात बौद्ध आचार, आई मल्लिका मोठी श्रद्धाळू. पण मुलाचे नाव ठेवले डॉन डेव्हिड! त्या काळात सिलोनवर इंग्रजांचे राज्य, नोंदणी आणि शाळा पाद्र्यांच्या हातात, त्यामुळे बौद्धाच्या मुलालासुद्धा ख्रिस्ती नाव घ्यावे लागे. शाळेत बायबल पाठ करायचे आणि घरी आल्यावर आईबरोबर पंचशील म्हणायचे, असे बालपण गेले.

त्यांच्या शाळेतली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. वैशाख पौर्णिमेला त्यांनी सुट्टी मागितली. मास्तर म्हणाले की बौद्धांच्या सणाला सुट्टी मिळणार नाही. मुलाने छत्री उचलली, पुस्तके घेतली आणि सरळ घरी गेला. दुसऱ्या दिवशी छड्या खाल्ल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. आम्हाला यात छड्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते ते असे, की एकदा रागाच्या भरात कोणीही शाळेबाहेर पडेल, पण दरवर्षी छडी मिळणार हे माहीत असताना त्याच दिवशी तेच करायचे, हा स्वभाव वेगळा आहे.

१८८० मध्ये अमेरिकेचे कर्नल ऑल्कॉट आणि रशियाच्या मॅडम ब्लॅव्हॅट्स्की हे थिऑसॉफिकल सोसायटीचे पुढारी सिलोनला आले आणि त्यांनी तिथे उघडपणे पंचशील घेतले. गोऱ्या माणसाने गुडघे टेकून पंचशील घेतले हे बघून दबलेल्या बौद्ध समाजात एकदम चैतन्य आले. डेव्हिड तेव्हा पंधरा वर्षांचा होता. पुढे १८८३ मध्ये कोलंबोत ईस्टरच्या वेळी बौद्धांच्या मिरवणुकीवर हल्ला झाला, तेव्हा वडिलांनी मुलाला पाद्र्यांच्या शाळेतून काढून घेतले. शाळा सुटली, वाचन सुटले नाही. शिक्षण खात्यात कारकुनी मिळाली होती, तीही त्यांनी १८८६ मध्ये सोडली आणि ऑल्कॉटसाहेबांचे दुभाषे म्हणून बैलगाडीतून सिलोनची खेडी पालथी घातली. बौद्ध शाळांसाठी निधी जमवायचे ते काम होते. गाडीत झोपायचे, गावात सभा घ्यायची, भाषणाचा सिंहलीत अनुवाद करायचा, वर्गणी मोजायची, पुढच्या गावाला निघायचे. कार्यकर्ता तयार होतो तो असा. याच काळात त्यांनी इंग्रजी नाव टाकून दिले आणि धम्मपाल झाले. अनागारिक म्हणजे ज्याला घर नाही तो. ते भिक्खू झाले नाहीत आणि गृहस्थही राहिले नाहीत. ब्रह्मचारी राहून पूर्णवेळ कार्यकर्त्याचे जीवन त्यांनी पत्करले. भिक्खूला विनयाची बंधने असतात, पैशाला हात लावता येत नाही. संस्था चालवायची तर पैशाला हात लावावाच लागतो. हा मधला मार्ग त्यांनी विचार करून काढला होता.

आता बुद्धगयेची हकिकत. एडविन आर्नोल्ड नावाचे इंग्रज कवी होते. तथागतांच्या जीवनावरचे त्यांचे काव्य १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. हेच आर्नोल्डसाहेब तरुणपणी, १८५७ च्या धामधुमीत, आपल्या पुण्याच्या सरकारी कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते, हे फार थोड्यांना माहीत असते. त्यांनी पुढे बुद्धगयेला भेट दिली आणि बौद्धांच्या सर्वांत पवित्र स्थानाची काय अवस्था आहे हे वर्तमानपत्रातून लिहिले. ते वाचून धम्मपालांच्या मनात ती जागा बघण्याची ओढ लागली. जानेवारी १८९१ मध्ये कोझेन गुणरत्न या जपानी भिक्खूबरोबर ते आधी सारनाथला आणि मग बुद्धगयेला आले.

सारनाथ तेव्हा ओसाड होते. बुद्धगयेच्या मंदिराची इंग्रज सरकारने थोड्याच वर्षांपूर्वी दुरुस्ती केली होती, पण जागा शैव गोसाव्यांच्या महंताच्या ताब्यात होती. महंत मोठा जमीनदार. ज्या झाडाखाली सिद्धार्थ गौतम बुद्ध झाले तिथे एकही भिक्खू राहत नव्हता. २२ जानेवारी १८९१ रोजी धम्मपालांनी वज्रासनाला मस्तक टेकवले आणि तिथल्या तिथे ठरवले की भिक्खू येऊन ही जागा सांभाळेपर्यंत आपण हलायचे नाही. मागे ब्रह्मदेशाच्या राजाने यात्रेकरूंसाठी तिथे धर्मशाळा बांधली होती. तिच्यात त्यांनी मुक्काम टाकला आणि देशोदेशी पत्रे लिहायला सुरुवात केली. काही आठवड्यांत जवळचे पैसे संपत आले. उपाशी बसून विहार मिळत नाही, त्यासाठी संघटना लागते, हे त्यांच्या ध्यानात आले. कलकत्ता, रंगून करत ते कोलंबोला परतले आणि ३१ मे १८९१ रोजी महाबोधी सोसायटीची स्थापना केली. अध्यक्ष होते विद्योदय परिवेणाचे थोर विद्वान भिक्खू हिक्कडुवे सुमंगल महानायक. धम्मपाल स्वतः सेक्रेटरी. वय सव्वीस वर्षे!

या सुमंगल महाथेरांचे नाव आपण लक्षात ठेवले पाहिजे. मद्रासच्या अस्पृश्य समाजाचे पुढारी पंडित अयोतीदास यांनी १८९८ मध्ये कोलंबोला जाऊन त्यांच्याकडूनच पंचशील घेतले. गोव्याचे धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये घरदार सोडून सिलोनला पोहोचले ते त्यांच्याच विद्योदय परिवेणात पाली शिकले. याच कोसंबींच्या प्रयत्नाने पुढे १९३७ मध्ये परळला, आपल्या गिरणगावात, बहुजन विहार उभा राहिला.

त्याच साली, १८९१ च्या जुलैमध्ये, धम्मपाल चार सिंहली भिक्खू घेऊन बुद्धगयेला परत आले. ऑक्टोबरात तिथे बौद्ध देशांच्या प्रतिनिधींची परिषद भरवली. १८९२ मध्ये संस्थेची कचेरी कलकत्त्याला हलवली आणि मे महिन्यात महाबोधी नावाचे इंग्रजी मासिक सुरू केले. कलकत्त्यात भाड्याच्या लहानशा जागेत हा माणूस स्वतःच संपादक, स्वतःच कारकून, स्वतःच हमाल. खिशात थोडे पैसे असले की जेवायचे की अंकांना तिकिटे लावायची असा प्रश्न पडायचा आणि तिकिटे जिंकायची, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. नीलकमल मुखर्जी या बंगाली गृहस्थाने त्यांना घरच्यासारखा आधार दिला. इंडियन मिरर पत्राचे संपादक नरेंद्रनाथ सेन यांनी लेखणीने मदत केली. कोलंबोहून वडील पैसे पाठवत. एकट्या माणसाने संस्था चालवली असे आपण बोलतो, पण तसे कधी नसते. मागे कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी शेजारी उभा असतोच.

ते मासिक मात्र बंद पडू दिले नाही. त्याचे वर्गणीदार अमेरिकेत, जपानात, ब्रह्मदेशात होते. मासिकामुळे तर १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेचे आमंत्रण आले. स्वामी विवेकानंद तिथे बोलले हे शाळेच्या पुस्तकात असते. त्याच व्यासपीठावर एकोणतीस वर्षांचे धम्मपाल बोलले, हे आपल्या मुलांना आपणच सांगावे लागते. परिषदेनंतर सी. टी. स्ट्राउस या गृहस्थाने शिकागोतच त्यांच्याकडून पंचशील घेतले. अमेरिकेच्या भूमीवरची ती पहिली बौद्ध दीक्षा मानतात.

परतताना जहाज हवाई बेटांवर, होनोलुलूला थांबले. तिथे मेरी फॉस्टर नावाच्या श्रीमंत बाई जहाजावर भेटायला आल्या. त्यांच्या आईकडून त्या हवाईच्या मूळ रहिवाशांपैकी. स्वभाव तापट, राग आवरत नाही, त्याचे काय करावे म्हणून त्यांनी विचारले. धम्मपालांनी रागावर मन कसे लावावे, मैत्रीभावना कशी वाढवावी ते थोडक्यात समजावले. भेट इतकीच. बाईंना मात्र त्याचा गुण आला आणि पुढची जवळजवळ सदतीस वर्षे, १९३० मध्ये मरेपर्यंत, त्यांनी या संस्थेला लाखो रुपये दिले. कलकत्त्याचे घर, शाळा, कोलंबोचा दवाखाना, सारनाथचा विहार, लंडनचे केंद्र, या सगळ्यांत फॉस्टरबाईंचा पैसा आहे. आम्हाला इथे एक गोष्ट सांगाविशी वाटते. धम्मपाल त्यांच्याकडे देणगी मागायला गेले नव्हते. पण पैसा आल्यावर त्यांनी कामावर काम उभे करून दाखवले आणि प्रत्येक ठिकाणी बाईंचे किंवा त्यांच्या वडिलांचे नाव लावले. देणगीदार तीस-पस्तीस वर्षे टिकतो तो एका भाषणाने नव्हे. दिलेला पैसा कुठे गेला हे त्याला दिसावे लागते.

आता मोठा पराभव. बुद्धगयेत राहणाऱ्या भिक्खूंना महंताच्या माणसांनी फेब्रुवारी १८९३ मध्ये मारहाण केली होतीच. जपानच्या बौद्धांनी सुमारे सातशे वर्षांची जुनी बुद्धमूर्ती बुद्धगयेसाठी भेट दिली. २५ फेब्रुवारी १८९५ च्या सकाळी धम्मपालांनी ती मंदिराच्या वरच्या मजल्यावर बसवली आणि पूजेला सुरुवात केली. इतक्यात महंताची तीस-चाळीस माणसे धावून आली. धम्मपालांनी मारामारी केली नाही, ते मूर्तीसमोर ध्यानाला बसले. त्या लोकांनी मूर्ती उचलून खाली अंगणात नेली. खटला उभा राहिला. गयेच्या मॅजिस्ट्रेटने महंताच्या माणसांना दोषी धरले, सेशन कोर्टाने ते कायम केले, पण ऑगस्ट १८९५ मध्ये कलकत्ता हायकोर्टाने निकाल फिरवला आणि आरोपी सुटले. मूर्ती ब्रह्मी धर्मशाळेत ठेवावी लागली. तिथूनही बौद्धांना काढावे म्हणून महंताने १९०६ मध्ये दावा लावला आणि १९१० मध्ये धर्मशाळासुद्धा सोडावी लागली.

खालच्या कोर्टात जिंकायचे आणि वरच्या कोर्टात हरायचे, याचा अनुभव कामगारांना नवीन नाही. अशा वेळी संघटनेचे काय होते? लोक एकमेकांकडे बोट दाखवतात, वकिलाला नावे ठेवतात, हळूहळू घरी बसतात. धम्मपालांचेही वाईट दिवस आले. सिलोनचे लोक म्हणायला लागले की भारतात पैसा घालवून काय उपयोग. पण त्यांनी दोन गोष्टी केल्या. बुद्धगयेची मागणी सोडली नाही, मासिकातून लिहीत राहिले, यात्रेकरूंसाठी मंदिराजवळ धर्मशाळा उभारून घेतली. आणि नुसत्या त्या मागणीवर संस्था टांगून ठेवली नाही. जिथे कोर्ट आडवे येणार नाही, महंत आडवा येणार नाही, तिथे काम काढले. सारनाथला जमीन घेतली. एक दार बंद झाले म्हणून बाकीची ओसरी झाडायची सोडायची नाही, असा हा हिशोब होता.

१९०२ ते १९०४ या काळात ते पुन्हा अमेरिकेत होते. तिथे गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांसाठी बुकर वॉशिंग्टन यांनी टस्कीगी येथे काढलेली उद्योगशाळा त्यांनी बघितली. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हा ग्रंथ ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केला, त्यांच्या लढ्याचे हे पुढचे फळ. हातात कसब असल्याशिवाय नुसती मुक्ती पुरत नाही, हे धम्मपालांना पटले. परत आल्यावर सारनाथला त्यांनी उद्योगशाळा काढून बघितली. सिलोनमधल्या तरुणांना जपानला पाठवून तांत्रिक शिक्षण देण्यासाठी त्यांच्या घराण्याने निधी काढला आणि कोलंबोजवळ राजगिरीय येथे विणकामाची शाळा सुरू झाली. धम्म शिकवणारा माणूस माग आणि धोट्याचा विचार करतो, हे वाचून साचेखात्यातल्या माणसाला बरे वाटणारच!

त्यांच्या चरित्रात सगळेच गोड आहे असे मात्र आम्ही सांगणार नाही. ऑल्कॉटसाहेबांनी त्यांना बोटाला धरून सार्वजनिक कामात आणले. पुढे थिऑसॉफीवाले सगळे धर्म एकच म्हणायला लागले, तेव्हा मतभेद वाढले आणि १९०५ च्या सुमारास संबंध तुटले. धम्मपाल जिभेचे तिखट होते. १९०६ मध्ये त्यांनी सिंहल बौद्धय हे पत्र काढले. त्यातले आणि भाषणांतले परधर्मीयांविषयीचे, विशेषतः मुसलमान व्यापाऱ्यांविषयीचे त्यांचे बोलणे मैत्री-करुणा शिकवणाऱ्या धम्माला शोभणारे नव्हते. हे आम्ही स्पष्टच लिहितो, कारण त्या भाषेचे पुढे सिलोनमध्ये वाईट पडसाद उमटले. दुसरे असे की भारतातल्या महाबोधी सोसायटीचे अध्यक्षपद पुष्कळ वर्षे सर आशुतोष मुखर्जी आणि नंतर श्यामाप्रसाद मुखर्जी अशा ब्राह्मण पुढाऱ्यांकडे होते. कलकत्त्यात वजनदार माणसांशिवाय काम होत नव्हते हे खरे. पण त्यामुळे संस्थेची नाळ शिकलेल्या वरच्या लोकांशी जुळली, गावकुसाबाहेरच्या लाखोंशी जुळली नाही. ते काम परमपूज्य बाबासाहेबांनाच करावे लागले.

१९०६ मध्ये वडील वारले आणि घरचा आधार गेला. फॉस्टरबाईंनी ती जागा भरून काढली. १९०८ मध्ये त्यांच्या पैशातून कलकत्त्याला संस्थेचे स्वतःचे घर झाले. भाड्याच्या खोल्यांतली सोळा वर्षे संपली. ज्यांच्या विहाराने दहा-दहा वर्षे पत्र्याच्या शेडखाली वर्षावास काढला आहे, त्यांना हा आनंद वेगळा सांगायला नको.

सगळ्यांत अवघड काळ आला तो १९१५ मध्ये. सिलोनमध्ये सिंहली आणि मुसलमान यांच्यात दंगल झाली. इंग्रज सरकारने लष्करी कायदा लावला आणि बौद्ध पुढाऱ्यांना धडाधड पकडले. धम्मपालांचे बंधू एडमंड यांना लष्करी कोर्टाने जन्मठेप दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ते जाफनाच्या तुरुंगात तापाने वारले. धम्मपाल स्वतः त्या वेळी कलकत्त्यात होते. त्यांना तिथेच नजरकैदेत टाकले आणि कित्येक वर्षे मायदेशी जाऊ दिले नाही. भाऊ गेला, आई एकटी, प्रकृती ढासळलेली, कमरेच्या शिरेचे दुखणे असे की चालणे मुश्किल. वय पन्नासच्या पुढे.

आणि याच १९१५ मध्ये महाबोधी सोसायटी कायद्याने नोंदवली गेली, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली. आपली विहार मंडळे आजही याच कायद्याखाली नोंदतात. तोपर्यंत चोवीस वर्षे संस्था मुख्यतः एका माणसाच्या नावावर चालली होती. आता नियमावली आली, कार्यकारिणी आली, मालमत्ता संस्थेच्या नावावर आली. आम्हाला वाटते, त्यांच्या आयुष्यातली ही बिनबोभाट घटना शिकागोच्या भाषणापेक्षा कमी मोलाची नाही. ज्या साली त्यांचे हातपाय बांधले गेले, त्याच साली त्यांच्याशिवायही चालू शकेल अशी संस्था उभी झाली. पुढे १९३० मध्ये त्यांनी सिलोनमधल्या मालमत्तेचाही ट्रस्ट करून टाकला. स्वतःच्या नावावर काही ठेवले नाही.

नजरकैदेतून मोकळीक मिळाली तशी बांधकामे सुरू झाली. कलकत्त्याच्या कॉलेज चौकात धर्मराजिक चैत्य विहार १९२० मध्ये उघडला. आंध्रातल्या भट्टिप्रोलू येथे सापडलेल्या बुद्धधातू बंगालच्या गव्हर्नरने समारंभाने संस्थेच्या स्वाधीन केल्या. ज्या सरकारने काल नजरकैदेत टाकले त्याच सरकारच्या गव्हर्नराच्या हातून धातू स्वीकारायच्या होत्या. मनात काय आले असेल? पण विहार महत्त्वाचा होता.

सारनाथच्या विहाराची कोनशिला १९२२ मध्ये बसली. त्यानंतर पुरातत्त्व खात्याने हरकत घेतली की ही जागा धमेक स्तूपाच्या फार जवळ आहे. जागा बदलावी लागली, कागदपत्रे पुन्हा झाली, वर्षे गेली. सरकारी खात्याची परवानगी म्हणजे काय असते हे विहाराच्या नळजोडणीसाठी फेऱ्या मारणाऱ्या आपल्या मंडळींना विचारा. मधल्या काळात ते स्वस्थ बसले नव्हते. साठी उलटल्यावर १९२६ मध्ये लंडनला जाऊन तिथे घर घेतले आणि बौद्ध केंद्र सुरू केले. सिलोनमधून तरुण सामणेर आणून त्यांना भारतात धम्मकार्यासाठी तयार करण्याची योजना केली. अखेर ११ नोव्हेंबर १९३१ रोजी मूलगंधकुटी विहाराचे उद्घाटन झाले. देशोदेशीचे बौद्ध आले. तक्षशिलेला मिळालेल्या बुद्धधातू विहारात ठेवल्या. अनुराधपुरच्या बोधिवृक्षाचे रोप तिथे लावले. तो वृक्ष आज तुम्ही यात्रेत बघता तोच. भिंतींवरची चित्रे कोसेत्सु नोसु या जपानी चित्रकाराने पुढच्या काही वर्षांत काढली, ती पूर्ण झालेली बघायला धम्मपाल राहिले नव्हते.

त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी प्रव्रज्या घेतली होती. चाळीस वर्षे भिक्खूंसाठी जागा तयार केली आणि अगदी शेवटी स्वतः चीवर घातले. जानेवारी १९३३ मध्ये सारनाथला उपसंपदा झाली, भिक्खू देवमित्त धम्मपाल हे नाव मिळाले. तोवर हृदय थकले होते. २९ एप्रिल १९३३ रोजी सारनाथलाच त्यांनी देह ठेवला. धम्मप्रसारासाठी आपल्याला आणखी पंचवीस वेळा जन्म मिळावा अशी इच्छा त्यांनी शेवटी बोलून दाखवली होती. बाबासाहेबांचा धम्म वाचलेल्या आपल्या मंडळींना पुनर्जन्माची ही भाषा पटणार नाही, आम्हालाही ती शब्दशः पटत नाही. पण अडुसष्ट वर्षांच्या आजारी माणसाला विश्रांती नको होती, काम हवे होते, एवढा तिचा अर्थ आम्ही घेतो.

बुद्धगया तेव्हाही महंताकडेच होती. धम्मपालांचे शिष्य देवप्रिय वलिसिंह यांनी जनरल सेक्रेटरी म्हणून काम पुढे नेले. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये बिहार सरकारने बुद्धगया मंदिर कायदा केला आणि १९५३ मध्ये मंदिर महंताकडून व्यवस्थापन समितीकडे आले. समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हा मॅजिस्ट्रेट. म्हणजे धम्मपालांनी जे मागितले ते अर्धेच मिळाले आणि पूर्ण मिळावे म्हणून १९९२ नंतर आपल्या हजारो माणसांनी, नागपूरहून, मुंबईहून, रेल्वेने जाऊन बुद्धगयेत आंदोलने केली आहेत.

भदंत आनंद कौसल्यायन हे १९३२ मध्ये राहुल सांकृत्यायन यांच्याबरोबर महाबोधी सोसायटीच्या वतीने लंडनला गेले होते. पुढे ते नागपूरला येऊन राहिले आणि बाबासाहेबांच्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाचा हिंदी अनुवाद त्यांनीच केला. १८९२ मध्ये तिकिटांच्या पैशासाठी जेवण सोडून चालवलेले ते महाबोधी मासिक १९५० मध्येही चालूच होते. त्या वर्षीच्या वैशाख अंकात बुद्धाच्या धर्माच्या भवितव्यावरचा बाबासाहेबांचा प्रसिद्ध लेख आला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षेचा सोहळा झाला, तेव्हा महाबोधी सोसायटीचे जनरल सेक्रेटरी म्हणून देवप्रिय वलिसिंह तिथे हजर होते. पुढच्याच महिन्यात, महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधी, बाबासाहेब सारनाथला गेले होते.